मंगलसंगं सोनपेठला, डिझाइन आनायला

सोनपेठला लोक सोयरीक जुळवायला जातात, बाजाराला जातात, कुनाच्या मौतीला जातात. डिझाइन आनायला कोनी जात असंल असं मला वाटलं न्हवतं. मी गेले. दोन दिवस जाऊन आले आन आल्यापासून दुकानातल्या बाया इचारायल्यात, सांग की कसं हाय, काय खाल्लं, काय पाहिलं. तोंडानं सांगायला बसले की मंगल मधीच बोलती आन सगळं तिचंच होऊन जातं. म्हनून लिहायलेय. सातवी झालीय माझी. चुकलं तर समजून घ्या.

आधी मंगल कोन ते सांगते. परभणीत मॅडमचं ब्लाऊजचं दुकान हाय. शिवायला दुसऱ्या बाया, आमी दोघी आरी वर्कला. म्हंजे खाटल्यावर, लाकडाच्या चौकटीवर, कापड ताणायचं आन लग्नाच्या ब्लाऊजवर सुईनं मणी, जर, टिकल्या भरायच्या. टाका माझा बारीक. हे मी न्हाई, मॅडम म्हनतात. मंगलचं काम उलटं करून पाहिलं तर उंदरानं कुरतडल्यावानी. पन गिऱ्हाईक आलं की म्हनतंय, ती मंगल हाय का, तिलाच द्या. कारन मंगल डिझाइन डोक्यातून काढती. मी फोनमधून. फोनमधला मोर, फोनमधलं कमळ, फोनमधली डोली. एकदा मॅडम म्हनल्या, संगीता, तुझ्या मनानं काई काढ की. मी कागद घेऊन बसले, बसले, आन उठून लेकराला दूध पाजलं. कागद कोराच.

जळते मी तिच्यावर. उगं खोटं कशाला. ती एकवीस वर्षाची, लग्न न्हाई, लेकरू न्हाई, दोन्ही हात मोकळे. माझ्या एका हातात कायम आरू, माझी लेक. दहा महिन्याची हाय.

आता दुकानात कंप्युटरची भरतकामाची मशीन येनार होती. फोनमधलं डिझाइन मशीन तासाभरात काढती. मंग हातकामाला एकच बाई पुरे. मॅडम लपवून ठेवत न्हाईत, तोंडावर सांगितलं. तेवढ्यात सोनपेठचं लग्न आलं, नवरीचे आन घरच्या बायांचे मिळून अकरा ब्लाऊज. नवरीची आई फोनवर म्हनली, फोनमधलं नको, ते दर मांडवात दिसायलंय, बाया पाठवा, इथं बसून काढू द्या, मी पाहून ठरवते. मॅडम म्हनल्या, दोघी जा. जिचं पसंत पडंल ती राहील.

मला लय भ्या वाटलं. माझी सासू मानवतला असती. तिचा एक दिसाआड फोन, कापूस येचायला बाया भेटनात, ते मणी टोचायचं सोड आन ये परत. नवरा आईला न्हाई म्हनू शकत न्हाई. काम गेलं की मी मानवतला. खाटल्यावर बसले की मला वाटतं मी कोन तरी हाव. हे कुनाला सांगितलेलं न्हाई.

पोखर्णी

परभणीहून सकाळची एसटी धरली. मंगलला खिडकी भेटली. तिला कायम भेटती. मी आत, मांडीवर आरू, पायात दोन पिशव्या. माझ्या पिशवीत चार खाके. खाका म्हंजे डिझाइनचा कागद, सुईनं टोचून टोचून चाळनीवानी केलेला. कापडावर ठिवायचा आन पांढरी पूड रॉकेलात कालवून वरून फिरवायची, खाली ठिपक्याठिपक्यानं नक्षी उतरती. आठ दिवस जागून मी हे चार खाके टोचलते. फोनमधलेच होते, पन जरा हिकडचं पान तिकडं केलतं, कोनाला ओळखू येऊ नये म्हनून.

रस्त्यानं दोन्ही बाजूला करडई फुललेली. मंगल म्हनली, "ताई, बघा किती काटे हायेत, तरी फूल कसं मऊ." मी म्हनले, "शेतात वाकून काढायला लाग, मंग सांग मऊ का काय ते." ती हसली. तिला टोमना लागतच न्हाई, हाच तर वैताग हाय.

पोखर्णीला तिला नरसिंहाचं दर्शन घ्यायचं होतं, म्हनून उतरलो. आमी बौद्ध, मला आत जायचं न्हवतं, आन आरूबी रडायलती. मंगल म्हनली, "ताई, माझ्या चपला बघा हां, नव्या हायेत." मी बाहेर सावलीला बसून लेकराला पाजत तिच्या चपला राखल्या. तिच्याच न्हाई, मला पाहून आनखी चार बायांनी सोडल्या. अर्धा तास मी त्या चपलांकडंच बघायलते.

मंगल आली, तोंडात पेढा, मला एक दिला. मंग वही काढली आन उभ्या उभ्याच काढायला लागली. मी वाकून पाहिलं. एक पान आडवं, त्यावर दुसरं तिरपं, मंग जोडीनं दोन, अशी वर वर जानारी वेल. लय सुंदर. मी म्हनले, "ही कशाची वेल गं?"

"ही काय, ह्या चपला."

मी चपलांकडं पाहिलं. खरंच वेल होती. अर्धा तास राखन मी केली आन मला नुसत्या चपला दिसल्या. पेढा तोंडात होता, पन कडू झाला म्हना.

म्होरच्या एसटीत बसलो तवा कळलं की दुधाच्या बाटलीचं झाकन ढिलं राहिलं. चारी खाके भिजून एकाला एक चिकटलेले. सोडवायला गेले तर फाटले. मंगल म्हनली, "अगं बाई, ताई!" आन तिच्या ओढनीनं पुसायला लागली. मी म्हनले, राहू दे. तिची वही दुसऱ्या पिशवीत होती, कोरडी ठन्न.

सोनपेठ

सोनपेठ परभणीपरीस बारकं, पन बाजारादिवशी पाय ठिवायला जागा न्हाई. आमी नेमकं बाजारादिवशीच उतरलो. वांगी, हरभऱ्याच्या गड्ड्या, बोरं, शेळ्या, बांगड्या, सगळं एकाच रस्त्यावर. आरूला एका बांगडीवालीनं काळ्या दोन बांगड्या घातल्या आन लेकराचे पैसे घेत न्हाई म्हनली. परभणीत असं कोनी म्हनलं नसतं.

नवरीचं घर बाजाराच्या मागं. नवरीचं नाव दिपाली. तिच्या आईला आमी काकू म्हनलो. काकू म्हंजे जाड, गोरी, बोलायला खडक. दारातच मंगलला म्हनल्या, "तूच का ती?" मी शेजारी उभी, लेकरू कडेवर, दोन पिशव्या. मला म्हनल्या, "तू हिच्यासंगं आलीस का?" मी म्हनले, "मीबी कारागीर हाव काकू." "लेकरू घिऊन?" "लेकरू घिऊनच."

मंग आडनाव इचारलं. मी सांगितलं. आडनावावरून जात कळती, म्हनून पिशव्या खाली ठिवल्या न्हाईत. काकू म्हनल्या, "बरं, हातपाय धू," आन सगळ्यायच्याच ओळीत ताट मांडलं. ज्वारीची भाकर, वांग्याची रसरशीत भाजी, शेंगदान्याची चटनी, कांदा. आमच्यात चटनी सुकी कुटतात, त्यांनी दही घातलतं. मी तीन भाकरी खाल्ल्या. मंगलनं एक. दिपाली तिला म्हनली, "म्हनून तू बारीक हायेस." दोघी हसल्या. तासाभरात मैत्रिनी झाल्या. एकमेकीच्या केसाला हात लावायल्या. मी आरूला झोपवत भिंतीकडं तोंड करून पडले.

गंगा

आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हनतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच मंगल म्हनली, गंगा पाहून येऊ. मला जायचं न्हवतं. पन ती एकटी गेली आन काई घिऊन आली तर? म्हनून मीबी ऑटोत बसले.

पाणी संथ होतं, काठाला गाळ. मी काय पाहिलं सांगू का, गाळ पाहिला. आरू दिसंल ते तोंडात घालती, मी तिच्या हाताकडंच बघायलते. मंगल दहा पावलं म्होरं गेली आन वरडली, "ताई, हिकडं या, हिकडं या! हे ब्लाऊजच्या पाठीवर आलं तर?"

एक भोयाची बाई बसलती, पन्नाशीची, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून फाटलेलं गाठवायलती. हातात बांबूची चपटी सुई, त्यावर नायलॉनचा दोरा. उन्हात ते जाळं असं चमकायलतं की काय सांगू. पाठीवर मोठा गोल गळा आन त्यात असं जाळं, दर गाठीला मणी. मला एकदम दिसलं. पन मंगल म्हनल्यावर दिसलं. आधी न्हाई. ती तवर वही काढून काढायलाबी लागली.

मला रडू आलं. कोनाला दिसू नये म्हनून मी खाली बसले. त्या मावशीला वाटलं लेकरामुळं दमले. म्हनली, "आन हिकडं, दे तिला." आरूला मांडीवर घेतलं. "तू काय नुसती बघायलीस? धर सुई. बघून काय येतंय?"

मी धरली. किती दिसांनी माझे दोन्ही हात मोकळे होते. फासा टाकायचा, सुई खालून घ्यायची, दोऱ्याचा येढा द्यायचा, वढायचं. माझी गाठ सरकली. मावशी हसली. "दोन येढे घे. एका येढ्याची गाठ नायलॉनवर थांबत न्हाई. मासा जातो, आन संगं भाकरबी जाती." दोन घेतले. गाठ अशी बसली की नखानं हलंना. चार गाठीत माझा हात बसला. मावशी म्हनली, "माझ्या सुनंला दोन वर्षं झाली, जमत न्हाई." मला लय दिसांनी कोनी चांगलं म्हनलं.

मंगलनं तवर चार पानं काढलती. गाठीकडं तिनं पाहिलंच न्हवतं.

दुपारी काकूनं आमाला दोन जुन्या ब्लाऊजपीसचे तुकडे दिले. म्हनल्या, हातभर नको, तळहाताएवढं करून दाखवा, मी चहाच्या वक्ताला बघते. दोघींनीबी जाळंच करायचं ठरवलं. पाहिलं तिनं, शिकले मी, कोन कुनाला न्हाई म्हननार? मी ओसरीच्या ह्या टोकाला, ती त्या टोकाला. जरा वेळानं ती आली. "ताई, ती गाठ कशी हो? माझी सुटायलीय."

आता जे झालं ते हेच हाय सांगायचं. मी म्हनले, "एक येढा घ्यायचा आन वढायचं."

"एकच?"

"एकच."

"बरं झालं तुमी हाव," म्हनली आन गेली.

मी ठरवलं न्हवतं. जीभच तशी वळली. मंग सुई चालवता चालवता दोनदा तिच्याकडं पाहिलं, पन मी उठून गेले न्हाई. मनात म्हनले, तिला डोकं बी हाय, आता हात बी आला तर मला काय राहतंय?

चहाच्या वक्ताला काकू आल्या. माझं जाळं पाहिलं. घट्ट, चौकन अन् चौकन सारखा, ताणलं तर बोटात रुतंल असं. काकू म्हनल्या, "काम चांगलं हाय गं. पन हे मासे धरायचं झालं. दिपालीला काय गंगेत सोडायची हाय का?" सगळे हसले. मीबी हसले.

मंगलचं पाहिलं. गाठी ढिल्या होत्या त्याच्यानं मणी जरा खाली वर सरकलते, चौकन लांबुळके झालते, आन तुकडा उचलला की सगळं जाळं लवलव हालायचं. दिपाली वरडली, "आई, पाण्यावानी हालायलंय बघ! मला हेच पाहिजे." काकूनं मॅडमला फोन लावला. "मंगलचं ठरलं." मॅडमचा आवाज बाहेर आयकू आला, "बरं. संगीताला आल्यावर मला भेटायला सांगा."

मीच चुकीचं सांगितलं आन त्याचंच सोनं झालं. ते मी कुनाला सांगू? सांगितलं तर चोर, न्हाई सांगितलं तर मानवत.

परतीची एसटी

मंगलनं तो तुकडा ओढनीला पिनेनं लावला, मिरवत. दिपालीनं तिला मिठी मारलती, मला नमस्कार केलता. एसटीत मंगल म्हनली, "ताई, तुमी दमलाव, द्या आरूला." मी दिली. खिडकीबाहेर बघत बसले.

आरूनं एक मणी धरला आन वढला. सर्रर्र आवाज झाला. एक गाठ सुटली, तिच्यामागं दुसरी, तिसरी, आन बघता बघता सगळं जाळं दोऱ्याचा दोरा होऊन मंगलच्या मांडीवर पडलं. मणी खाली गाडीभर. कंडक्टर म्हनला, "कोनाचे मणी हायेत? आख्ख्या गाडीत पेरनी केली की! आता पाऊस पाडा." लोक हसायले.

मंगल हसली न्हाई. "ताई," म्हनली, "मांडवात झालं असतं तर? नवरीच्या पाठीवर?" मंग म्हनली, "माझा हातच न्हाई ताई. नुसतं काढून काय उपेग? मॅडमला सांगते, तुमालाच ठेवा."

आयकलं का? माझं काम झालतं. मी काईच बोलायची गरज न्हवती. गंगाखेड आलं, माणसं उतरली, चढली, गेलं गंगाखेड. मंगल आरूला माझ्याकडं देऊन सीटाखाली गुडघ्यावर बसून मणी येचायलती. मधीच तिनं वर पाहिलं आन झटक्यात आरूचं तोंड धरलं, बोट घातलं आन मणी काढला. मला दिसलंबी न्हवतं. माझं लेकरू माझ्या मांडीवर, आन मला दिसलं न्हाई. तिला दिसलं.

माझ्या तोंडून निघून गेलं. "दोन येढे असतात. मी तुला एक कमी सांगितला."

ती तशीच गुडघ्यावर. मला वाटलं आता सगळ्या गाडीसमोर शिव्या देनार. तिनं मणी माझ्या पिशवीत टाकले, उठली आन लांब म्होरं ड्रायव्हरच्या मागच्या सीटावर जाऊन बसली. पाठ माझ्याकडं.

मी तो दोरा उचलला. हाताला चाळा. आरूच्या पायाच्या अंगठ्यात अडकवला, त्या मावशीवानी, आन गाठी मारायला लागले. एका येढ्याची मारली की हालायची पन सुटायची. दोन येढ्याची थांबायची पन मरून गेल्यावानी. मनात दिपालीचं पाण्यावानी, पाण्यावानी चाललतं. आन मंग मला आलं. कुठून आलं म्हाइत न्हाई. दोन गाठी एका येढ्याच्या, तिसरी दोन येढ्याची. मंग परत दोन सैल, तिसरी पक्की. वढून पाहिलं. दातानं वढलं. आरूनं पाय झाडला. सुटलं न्हाई, आन हालायलतं. सैल गाठी आपल्या जागी सरकत होत्या आन पक्की त्यायला धरून ठिवत होती. हे फोनमधी न्हाई. मंगलच्या वहीत न्हाई. त्या मावशीच्या जाळ्यातबी न्हाई. माझ्या डोक्यातून निघालतं, पहिल्यांदा.

पोखर्णी गेली. मी बसून राहिले. आता हे एकटीला म्हाइत. उद्या मॅडमसमोर ठिवलं की झालं. खरं सांगते, पाच मिंट मी तेच बघायलते मनात, मॅडम बघायल्यात, मंगल बघायलीय.

मंग मी आरूला कडेवर घेतलं आन चालत्या गाडीत दांडे धरत म्होरं गेले. गाडीनं हिसका दिला, एका म्हाताऱ्याच्या अंगावर पडता पडता वाचले. मंगलशेजारी बसले. तिनं मान वळवली न्हाई. मी दोरा तिच्या मांडीवर ठिवला. म्हनले, "दोन सैल, तिसरी पक्की. पक्कीला दोन येढे."

कायम मला तुमी म्हनती ती. तवा म्हनली, "आता किती कमी सांगायलीस?"

"मोज," मी म्हनले.

तिनं मोजलं. नखानं एक एक गाठ उकलून पाहिली. मंग आपल्या हातानं मारली, मला मारून दाखवायला लावली, परत आपन मारली, दातानं वढली. 

दुकानात मंगल मॅडमला म्हनली, "जाळं मी पाहिलं, गाठ हिची. एकटीच्यानं व्हायचं न्हाई." बाकीचं तिनं सांगितलं न्हाई. आता हे वाचून सगळ्यायला कळंल, कळू द्या. तिनं का सांगितलं न्हाई ते मला अजून समजंना, आन तिचं मन एवढं मोठं कसं म्हनून त्याचीबी जळते.

अकरा ब्लाऊज झाले, लग्न झालं. काकूचा फोन आला, मांडवात बाया नवरीला पाठमोरी उभी करून बघायलत्या म्हने. मशीन आली. दोन बारके खाटले मॅडमनं काढून टाकले आन लांबडा एक ठिवला, त्यावर एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला मंगल. मॅडम म्हनल्या, मशीनला जमत न्हाई ते तुमी दोघी करा, काम येतंय तवर. काम येतंय तवर, असं म्हनल्या. भ्या गेलेलं न्हाई. सासूचा फोन चालूच हाय.

काल सुई खाली ठिवून मंगल म्हनली, ऐतवारी मानवतला कापसाची जिनिंग, सरकी काढायची गिरनी, पाहायला जायलेय, रुई उडती ती बघायची हाय. मी म्हनले, थांब, मीबी येते. ती म्हनली, लेकरू? मी म्हनले, लेकरू घिऊन. एकटीला बघू द्यायचं न्हाई मला.